एका बाराचं सामान

ठासणीच्या बंदुकीतून एक बार काढायला मला मिनिटाहून जास्त वेळ लागतो, आणि तो कमी व्हावा असं मला कधी वाटलं नाही. आधी नळीत गज घालून बघायचं, आतला बार तसाच राहून गेलेला नाही ना. मग शिंगातली दारू मापात ओतायची आणि मापातून नळीत. शिंग थेट नळीच्या तोंडाला लावायचं नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असली तर अख्खं शिंग हातात फुटतं. मग चरबी लावलेला कापडाचा तुकडा, त्यावर शिशाची गोळी, आणि दोन्ही गजाने पार दारूपर्यंत ठासायचं. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहता कामा नये. राहिली तर नळी फुगते, कधी फाटतेही. गजावर मी एक खूण कोरून ठेवली आहे. ती नळीच्या तोंडाशी आली की गोळी जागेवर बसली. मग कानाजवळच्या (कान म्हणजे नळीच्या बुडाशी आग आत जाण्याचं छिद्र) वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू, टाकून वरची पोलादी झडप लावून घ्यायची.

बंदुकीचा घोडा म्हणजे चाप ओढल्यावर झेपावणारा भाग. त्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात आवळलेली गारगोटी असते. चाप ओढला की ती झडपेवर घासते, ठिणग्या रंजकात पडतात, कानातून आग आत शिरते आणि बार उडतो. चाप आणि बार यांच्यामध्ये एक बारीकसा अवधी जातो. तेवढा वेळ नेम हलू न देता उभं राहणं, हीच या बंदुकीची खरी विद्या. त्यानंतर पांढरा धूर, गंधकाचा वास, आणि धूर विरेपर्यंत गोळी कुठे लागली ते कळत नाही.

माझी बंदूक .54 बोअरची आहे, मेपलच्या लाकडाचा दस्ता, घडण जुन्या पेनसिल्व्हेनियाच्या वळणाची. अर्थात नव्या काळात बनवलेली प्रतिकृती. गोळी साधारण 15 ग्रॅम वजनाची, तीही मीच शिसं वितळवून साच्यात ओतते. मी शिकार करत नाही. लाकडाचे ओंडके आणि साखळीला टांगलेल्या लोखंडी तबकड्या, एवढीच माझी लक्ष्यं. मी आता अमेरिकेत राहते. इथल्या संघीय कायद्यात 1898 पर्यंतची हत्यारं आणि अशा ठासणीच्या प्रतिकृती नेहमीच्या बंदुकांपासून वेगळ्या काढल्या आहेत, राज्याराज्यांचे नियम मात्र निराळे आहेत. ते आधी नीट वाचावेत आणि मगच खरेदीला जावं, असं मी नव्या माणसाला हमखास सांगते.

हे वेड कुठून आलं, याचं माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोकणात आजही अशा बंदुका आहेत. डुकरं भातावर उतरली, माकडांनी बागेत धुडगूस घातला की बहुतेक वेळा नुसत्या दारूचा बार काढायचा. आवाजानेच काम व्हायचं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि सगळं आटोपलं की परत घरी यायची. पावसाळ्यात ती चुलीच्या वरच्या अंगाला, धुराच्या उबेत टांगलेली असे. आजोबा ती पुसायला बसले की मी शेजारी बसायची. "आधी कान बघ, मगे हात लाव," एवढं एकच ते दर वेळी सांगत.

कोलोरॅडोत राहायला आल्यावर आम्ही आर्कान्सा नदीकाठच्या बेंट्स ओल्ड फोर्टला गेलो. 1833 च्या सुमाराचं हे मातीच्या विटांचं व्यापारी ठाणं 1976 साली जुन्या नकाशांवरून पुन्हा उभारलं गेलं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने जुन्या वेशात चकमकीची, म्हणजे माझ्यासारखीच गारगोटीची, बंदूक भरून दाखवली. सगळे लोक फोटो काढत होते आणि मी प्रत्येक भागाचं नाव मनात मराठीत म्हणत होते: गज, घोडा, चाप, माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा), कान. त्या दिवसापासून मी रॉकी पर्वतातल्या ट्रॅपर लोकांचा, म्हणजे फरसाठी बीव्हर हे पाण्यात बांध घालणारं जनावर पकडणाऱ्यांचा, इतिहास वाचते आहे.

हा काळ फार छोटा. 1822 च्या फेब्रुवारीत सेंट लुइसच्या वर्तमानपत्रात विल्यम ॲशलीने जाहिरात दिली: मिसूरी नदीच्या उगमापर्यंत जायला 100 धाडसी तरुण हवेत, नोकरी एक, दोन किंवा तीन वर्षांची. 1840 मध्ये ग्रीन नदीकाठी त्या लोकांचा शेवटचा मोठा मेळावा भरला आणि धंदा संपला. जेमतेम 18 वर्षं. तेवढ्यात जेडेडाया स्मिथ 1826 मध्ये मोहावीचं वाळवंट ओलांडून कॅलिफोर्नियात पोचला, जिम ब्रिजरने ग्रेट सॉल्ट लेकचं खारं पाणी चाखून हा समुद्रच असावा असं मानलं, आणि व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला जेम्स बेकवर्थ क्रो या मूळ रहिवासी जमातीत वर्षानुवर्षं राहिला. या माणसांची हिंमत मला खरोखर भारावून टाकते. गोठलेल्या झऱ्यात मांडीपर्यंत उभं राहून काम करणं सोपं नव्हे. त्यातल्या कित्येकांचे सांधे तिशी-चाळिशीतच गेले.

पण या माणसांची जी प्रतिमा सगळीकडे विकली जाते, ती मला पटत नाही. एकटा माणूस, एक घोडा, एक बंदूक, कुणाचं देणं नाही, कुणाचा आधार नाही. माझं म्हणणं असं की ज्याला ही प्रतिमा खरी वाटते त्याने एकदा स्वतः ठासणीची बंदूक भरून बघावी. एका बाराला लागणारं सामान समोर मांडलं की तो एकटा माणूस दिसेनासा होतो आणि त्याच्या मागे उभी असलेली सगळी दुनिया दिसू लागते.

दारूपासूनच सुरुवात करू. काळ्या दारूत साधारण 75 टक्के शोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतो. म्हणजे खरं वजन शोऱ्याचं. अमेरिकेत दारूचा सगळ्यात मोठा कारखाना द्युपाँ कुटुंबाचा होता, 1802 मध्ये डेलावेअरच्या ब्रँडीवाइन नदीकाठी सुरू झालेला, आणि फरच्या व्यापारात त्यांची दारू चाले. त्यांचा बराचसा शोरा कलकत्त्याहून जहाजाने यायचा. कलकत्त्याला तो यायचा गंगेवरून, पाटण्याहून. सारण, चंपारण, तिरहुत या भागात पावसाळा सरला की गावालगतच्या जमिनीवर, गोठ्यांच्या आणि जुन्या भिंतींच्या पायाशी पांढरी खार फुटायची. नोनिया समाजाची माणसं ती माती खरवडून गोळा करायची, पाणी घालून गाळायची, ते पाणी कढवून थंड करायची आणि खडे धरले की कच्चा शोरा तयार व्हायचा. ईस्ट इंडिया कंपनीने या व्यापारावर आपली मक्तेदारी बसवली होती, त्यामुळे दर ठरवण्यात त्या कष्टकऱ्यांना फारसा आवाज नव्हता. हा धागा इतका पक्का होता की अमेरिकन यादवी युद्ध सुरू झाल्यावर 1861 मध्ये लॅमॉट द्युपाँला हिंदुस्थानी शोरा विकत घ्यायला खास इंग्लंडला धाडण्यात आलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. यलोस्टोनच्या कुशीत, जिथे गोऱ्या माणसांचं पाऊल नुकतंच पडलं होतं, तिथे एखाद्या ट्रॅपरच्या शिंगात चंपारणच्या कुठल्याशा गावची माती असू शकत होती. सगळी दारू तशी होती असं अर्थातच नाही. खुद्द ॲशलीने फरच्या धंद्यात पडण्याआधी मिसूरीतल्या एका गुहेतून शोरा काढून दारू बनवली होती. तरीही या एका दुव्याने माझ्यासाठी सगळा इतिहास जवळ आला.

गारगोटीचं तसंच. उत्तम गारगोट्या इंग्लंडमधल्या सफोकच्या ब्रँडन गावच्या आणि फ्रान्सच्या. ब्रँडनचे कारागीर हातोडीने दगडाचे पातळ पापुद्रे काढून त्यांना चौकोनी धार लावत. दिवसभर त्या दगडाची भुकटी छातीत जाई आणि पुष्कळ जण फुफ्फुसाच्या आजाराने लवकर मरत. शिसं मात्र जवळचं, मिसूरीच्या खाणींमधलं. ॲशलीचा भागीदार अँड्र्यू हेन्री त्याच धंद्यातला. त्या खाणींत फ्रेंच अमलापासून गुलाम माणसांना राबवलं जात होतं. कापड गिरण्यांचं, घोंगड्या इंग्लंडच्या, मणी व्हेनिसचे, हिंगूळ (लाल रंग) चीनचा.

खरी बंदूक कोणती, यावरून आमच्या छंदातल्या लोकांत कायम वाद झडतात. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन या भावांची जाड अष्टकोनी नळीची, टोपीची (गारगोटीऐवजी छोट्या स्फोटक टोपीने पेटणारी) बंदूक म्हणजेच ट्रॅपरची बंदूक, असा समज पक्का बसला आहे. 1970 मध्ये त्या नावाची प्रतिकृती बाजारात आली आणि समज आणखीच घट्ट झाला. प्रत्यक्षात 1820 च्या दशकात डोंगरात गेलेल्या बहुतेकांकडे पेनसिल्व्हेनियाच्या कारागिरांच्या चकमकीच्या बंदुका होत्या, आणि मूळ रहिवाशांना विकल्या जाणाऱ्या स्वस्त, गुळगुळीत नळीच्या व्यापारी बंदुकाही. हॉकन बंदुकांचं वैभव मुख्यतः नंतरचं. आज या प्रतिकृती इटलीत ब्रेशाजवळच्या कारखान्यांत बनतात, स्पेनमध्ये बनतात, आणि भारतातही. आपल्याकडून येणाऱ्या कित्येक बंदुकांच्या नळीला कान पाडलेलाच नसतो. त्या शोभेच्या म्हणून प्रवास करतात. पुढे कुणी कान पाडून घेतला तर ती नळी दाबाला टिकते का, हे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यात दारू घालू नये. आपल्या देशाचं नाव कोरलेलं आहे म्हणून मी याबाबतीत सूट देत नाही.

बंदुकीबद्दल एवढं बोलतो खरं, पण ट्रॅपरच्या पोटापाण्याचं हत्यार बंदूक नव्हतंच. ते होतं लोखंडी सापळा. बीव्हर पकडायचा तो वसंतात आणि शरदात, कारण तेव्हा फर दाट. झऱ्याच्या काठाला, पाण्याखाली वीतभर सापळा लावायचा, त्याची साखळी खोल पाण्यात खुंटीला बांधायची आणि वर एका काडीला बीव्हरच्याच ग्रंथींचा उग्र वास लावून ती काठावर खोचायची. वास घ्यायला आलेल्या बीव्हरचा पाय अडकला की तो सवयीने खोल पाण्याकडे धावतो आणि सापळ्याच्या वजनाने बुडतो. आपला माग लागू नये म्हणून माणसाने पाण्यातूनच यायचं, पाण्यातूनच जायचं. हे वाचताना माझा जीव त्या जनावरासाठीही तुटतो. ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

कातडी सोलली की खरं काम सुरू होई, आणि ते बहुधा बायका करत. आतलं मांस-चरबी खरवडायची, विलोच्या फांदीचं कडं करून त्यावर कातडी ताणायची, वाळवायची, घडी घालून गठ्ठे बांधायचे. एका गठ्ठ्यात साधारण 60 कातडी. शोशोनी, सेलिश, क्रो अशा जमातींच्या मुलींशी ट्रॅपरांची लग्नं झाली. ब्रिजरने वेळोवेळी तीन जमातींतल्या स्त्रियांशी संसार केला. मोकासिन (मऊ कातडी जोडे) शिवणं, मांस वाळवून चरबीत कुटून टिकाऊ करणं, तंबू उभारणं, भाषा आणि नातीगोती सांभाळणं, हे सगळं त्यांच्याकडे. या बायका नसत्या तर बहुतेक पुरुष दुसरा हिवाळा बघू शकले नसते, असं माझं मत आहे. त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं आपल्यापर्यंत आली. तो काळ पुन्हा उभा करणाऱ्या आमच्या छंदाच्या मेळाव्यांत आम्ही बंदुकीच्या माशीवर तासभर बोलतो, कातडी कमावण्यावर पाच मिनिटं. हे मला सलतं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवते.

एवढ्या कष्टाची कातडी जायची कुठे? टोप्यांकडे. बीव्हरच्या लांब केसांखाली बारीक लोकर असते. तिच्या तंतूंना सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे ते एकमेकांत घट्ट अडकून घट्ट, पाणी न शोषणारं नमदं तयार होतं. त्यासाठी टोपीवाले पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण वापरत. त्या वाफांनी त्यांचे हात थरथरत, मनाचा तोल जाई. मग 1830 च्या दशकात रेशमी टोपीची फॅशन आली, बीव्हरचा भाव पडला, आणि पर्वतात हजारो मैलांवर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची मजुरी घसरली. ॲशलीच्या पगारी माणसाला वर्षाला 200 डॉलरच्या आसपास मिळत. साखर, कॉफी, प्यायची दारू, तंबाखू मात्र डोंगरात सेंट लुइसच्या कितीतरी पट भावाने घ्यावी लागे. वर्षभराची कमाई हिशेबाच्या वहीतच वळती होऊन वर कर्ज उरे. स्वतंत्र माणूस म्हणून गाजलेले पुष्कळ जण व्यापाऱ्याचे देणेकरी म्हणून मेले.

हा हिशेब होई तो राँदेव्हूला, म्हणजे ट्रॅपरांच्या वार्षिक मेळाव्याला. पहिला 1825 च्या उन्हाळ्यात. कुठे जमायचं ते आधीच्या वर्षी ठरे, सेंट लुइसहून मालाच्या खेचरांचा तांडा येई, आणि डोंगरभर विखुरलेली माणसं, शेकडो शोशोनी आणि नेझ पर्स कुटुंबं, फ्रेंच-कॅनडियन, इरोक्वॉय आणि डेलावेअर जमातींची माणसं सगळे एका कुरणात उतरत. आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईचे चाकरमानी लोटतात तसा तो लोंढा असणार, असं मला दर वेळी वाटतं. व्यापार, शर्यती, लग्नं, जुगार, भांडणं, वर्षभराच्या मेलेल्या-जगलेल्यांच्या बातम्या. आल्फ्रेड जेकब मिलर हा तरुण चित्रकार 1837 च्या मेळाव्याला एका स्कॉटिश सरदाराबरोबर गेला आणि त्याने तिथे भराभर रेखाटनं केली. आज आम्ही कपडे शिवतो, तंबू लावतो ते बऱ्याच अंशी त्याच्या चित्रांच्या भरवशावर.

त्याच 1837 च्या उन्हाळ्यात दुसरीकडे काय चाललं होतं, ते मी प्रत्येक वेळी सांगते. अमेरिकन फर कंपनीची सेंट पीटर्स नावाची आगबोट मिसूरीतून वर गेली आणि तिच्यावरून देवीची साथ फोर्ट क्लार्क या ठाण्याला उतरली. तिथल्या मूळ रहिवासी मँडन लोकांची तेव्हाची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात होती. काही महिन्यांत त्यांतले शे-सव्वाशे उरले. त्यांचा पुढारी मातो-तोपे 30 जुलैला गेला. मिलरच्या चित्रांत शर्यती चालल्या आहेत त्याच दिवसांत. मँडन संपले नाहीत. हिदात्सा आणि अरिकारा यांच्यासह ते आज नॉर्थ डकोटातल्या फोर्ट बर्थोल्डला आहेत आणि आपला इतिहास स्वतः सांगतात. ज्याला या छंदाची गोडी आहे त्याने तो त्यांच्या तोंडून ऐकायला हवा.

बीव्हरचंही असंच झालं. ब्रिटिश हडसन्स बे कंपनीने तर स्नेक नदीच्या खोऱ्यात जाणूनबुजून एकही बीव्हर न ठेवण्याचं धोरण राबवलं, म्हणजे अमेरिकन ट्रॅपर पुढे सरकणारच नाहीत. बीव्हर गेला की त्याचे बांध फुटतात, तळी ओसरतात, झरा खोल कापत जातो आणि काठचं कुरण वाळतं. आता पश्चिमेत कित्येक ठिकाणी माणसं खुंट्या रोवून, फांद्या विणून बीव्हरसारखे बांध घालताहेत, पाणी पुन्हा थांबावं म्हणून. मी एकदा अशा कामाला गेले होते. चिखलात विलोच्या फांद्या विणताना त्या जनावराच्या कसबापुढे मान आपोआप खाली जाते.

आमच्या आजच्या मेळाव्यांचा नियम असा की 1840 नंतरचं काही दिसता कामा नये, आणि प्रत्येकाने त्या काळातलं एक पात्र घ्यावं. कुणी फ्रेंच नावाडी होतो, कुणी सेंट लुइसचा कारकून. मला लोक सांगत, तू शोशोनी बाई सहज शोभशील. मी ते कधी केलं नाही. ते सोंग आणण्याचा मला हक्क नाही, आणि त्या लोकांच्या लेकी-नाती तिथेच चार तंबू सोडून बसलेल्या असतात. म्हणून मी पात्र घेत नाही, घोंगडी अंथरते. तिच्यावर मांडते: शोऱ्याचे खडे, गंधक, विलोचा कोळसा, ब्रँडनची एक गारगोटी, शिशाची गोळी, चरबी लावलेलं कापड, विलोच्या कड्यावर ताणलेलं कातडं, नमद्याचा तुकडा. येणाऱ्याला प्रत्येक वस्तू कुठून आली आणि कुणी काढली ते सांगते. सगळ्यात जास्त प्रश्न शोऱ्यावर येतात. गेल्या वेळी एका शाळकरी मुलीने विचारलं की माती खरवडणाऱ्या माणसांना माहीत होतं का, ती कुठे जाते. मी म्हटलं, बहुतेक नसावं. ती म्हणाली, मग ट्रॅपरलाही माहीत नसणार.

या जूनमध्ये मिसूरीकाठच्या फोर्ट युनियनला जाते आहे. यंदा घोंगडीवर शोऱ्याशेजारी नकाशा ठेवायचा आहे, पाटण्यापासून ब्रँडीवाइनपर्यंतचा, शाईने हाताने काढलेला. गंगेचा भाग झाला आहे, समुद्राचा अजून बाकी आहे.